कामाच्या दिवशी बांगडा आणि लाल माठ: ४० मिनिटांचं रात्रीचं जेवण

तव्यावरून नुकताच उतरलेला बांगडा, लसणीवर परतलेला लाल माठ, गरम भात आणि वाटीभर आमसुलाची कढी. दोन माणसांचं हे जेवण ऑफिसातून आल्यावर चाळीस मिनिटांत ताटात येतं. मासे म्हणजे रविवारचा घाट, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे आठवडाभर डाळ-भात नाहीतर बाहेरचं जेवण, आणि रविवारी मात्र नारळाचं वाटण, कालवण, तळलेल्या तुकड्या असं सगळं एकदम होतं. मासा मुळात मटणापेक्षा आणि कडधान्यांपेक्षाही कितीतरी लवकर शिजतो. वेळ जातो तो साफ करण्यात, भाजी निवडण्यात आणि वाटणात. ही तीन कामं योग्य वेळी उरकली, तर संध्याकाळी चुलीपाशी उभं राहायचं काम थोडंच उरतं.

बांगडा आणि माठ ही जोडी मी मुद्दाम निवडली आहे. बांगडा स्वस्त, चवदार आणि अंगचं तेल असलेला मासा, त्यामुळे तव्यावर फार तेल घालावं लागत नाही. माठ बाराही महिने मिळतो, पालकाइतकं पाणी सोडत नाही आणि आठ मिनिटांत शिजतो. कोकणात आणि गोव्यात ही भाजी माशांच्या जेवणात पूर्वीपासून आहे. गोव्यात तिला तांबडी भाजी म्हणतात आणि तिच्यात सुंगटंही (कोळंबी) घालतात.

बांगडा घेताना

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला होड्या पुन्हा दर्यात जातात, आणि पावसाळा ओसरला की थंडीपर्यंत बांगडा भरपूर मिळतो. या दिवसांत घेतलेला बांगडा अंगाने भरलेला असतो आणि त्याला तेल सुटतं.

ताजा बांगडा ओळखायला डोळे आणि बोटं पुरतात. पाठ हिरवट-निळसर आणि चकचकीत हवी, तिच्यावरचे काळसर पट्टे स्पष्ट दिसायला हवेत. डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ हवा. खोल गेलेला आणि दुधट झालेला डोळा असेल तर पुढे चला. कल्ल्याची झडप उचलून पाहा: आत लालभडक असेल तर ठीक, तपकिरी आणि चिकट असेल तर नको. डोक्याजवळ धरून मासा आडवा उचलला की ताज्या बांगड्याची शेपटी फारशी खाली झुकत नाही. बोटाने दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे.

सगळ्यात आधी पोट बघा. बांगड्याचं पोट इतर माशांपेक्षा लवकर फुटतं. पोट फुटलेला किंवा पिवळट पाणी सुटलेला बांगडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वासाबद्दल एवढंच, की ताज्या माशाला समुद्राचा वास येतो. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर तो मासा शिळा आहे.

दोघांसाठी मध्यम आकाराचे तीन बांगडे पुरतात, साधारण ४०० ते ४५० ग्रॅम. बाजारात बांगडा बहुतेक वाट्यावर मिळतो. वाट्यात पाच-सहा आले तर चांगलंच, उरलेले साफ करून ठेवता येतात. कोळीण मावशींना सांगा, “कल्ले काढा, पोट साफ करा, डोकं काढा, मासा अख्खा ठेवा.” तव्यासाठी अख्खा बांगडा बरा. तुकड्या केल्या की कडा लवकर कोरड्या पडतात आणि पोटाकडचं मऊ मांस सुटून येतं.

बर्फाचं महत्त्व

हा भाग घाईत वाचून पुढे जाऊ नका. बांगडा, टुना, सुरमई या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरमीत पडून राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. ते खाण्यात आलं तर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, कधी उलट्या-जुलाब होतात. अगदी अ‍ॅलर्जीसारखंच दिसतं, आणि म्हणून कित्येकांना वाटतं की आपल्याला बांगडा बाधतो. एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवल्याने जात नाही. कितीही कडक तळा, कितीही कोकम लावा, ते तसंच राहतं. उपाय एकच, मासा पकडल्यापासून तव्यावर जाईपर्यंत थंड ठेवायचा.

म्हणून बर्फावर ठेवलेला मासाच घ्या. बाजारातून ऑफिसला आणि तिथून घरी असा प्रवास असेल तर सोबत बर्फाची पिशवी न्या, नाहीतर मासे घ्यायची वेळच बदला. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून चहा करत बसू नका, आधी मासा धुऊन फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात जाऊ द्या. फ्रिजमधला बांगडा चोवीस तासांच्या आत शिजवा.

जास्त दिवस ठेवायचा असेल तर साफ केलेला बांगडा कोरडा पुसून, एका जेवणाला लागतील तेवढेच एका पिशवीत, एकावर एक न रचता शेजारी शेजारी ठेवून फ्रीजरमध्ये टाका. उणे १८ अंशांत तेलकट मासा दोन ते तीन महिने चांगला राहतो, पुढे त्याच्या तेलाला खवट वास येऊ लागतो. ज्या दिवशी करायचा त्याच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा. सकाळी ओट्यावर काढून ठेवलेला मासा संध्याकाळपर्यंत दिवसभर गरमीत राहतो, आणि नेमकं तेच टाळायचं आहे.

आदल्या रात्रीचं काम: भाजी निवडणं

माठाच्या दोन मध्यम जुड्या घ्या. पानं लहान आणि कोवळी, देठ नखाने सहज मोडणारे असावेत. तुरे आलेला माठ जून असतो, त्याचे देठ शिजता शिजत नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीसमोर बसून दहा-पंधरा मिनिटांत दोन जुड्या निवडून होतात. मुळं कापा, पिवळी आणि किडकी पानं काढा, कोवळे देठ पानांबरोबरच राहू द्या. मग न धुता कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ओली भाजी ठेवली तर दुसऱ्या दिवशी कडा काळ्या पडतात. कोरडी दोन-तीन दिवस छान राहते. निवडलेली भाजी घरात असली की आठवड्यातली निम्मी लढाई जिंकल्यासारखं असतं.

धुण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण दाताखाली कचकन आलेली वाळू सगळं जेवण नासवते. मोठं पातेलं किंवा परात पाण्याने भरा, भाजी त्यात सोडून हाताने हलवा, दोन मिनिटं थांबा. वाळू तळाला बसते. आता भाजी वरच्या वर हातांनी उचलून चाळणीत काढा आणि मग पाणी ओता. चाळणीवर पातेलं उपडं केलंत तर तळाची वाळू पुन्हा भाजीवर येऊन बसते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं, बहुतेक वेळा तीनदा पुरतं. चिरायची धुतल्यानंतरच. माठाचा लाल रंग पाण्यात विरघळतो, शिवाय काही जीवनसत्त्वंही चिरलेल्या कडांतून पाण्यात निघून जातात.

काय काय लागेल

माशासाठी: तीन बांगडे, लसणीच्या सहा पाकळ्या, अर्धा इंच आलं, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, पाव चमचा हळद, दीड चमचा मालवणी मसाला किंवा घरचं लाल तिखट, एक मोठा चमचा कोकमाचं आगळ (कोकमाचा दाट आंबट रस), अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा बारीक रवा. तेल एक मोठा चमचा.

आगळात बहुधा आधीच मीठ असतं. बाटलीतलं आगळ आधी चाखून पाहा आणि मिठाचं माप त्यावरून ठरवा. आगळ नसेल तर चार आमसुलं थोड्या कोमट पाण्यात भिजवून कोळ घ्या, तेही नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस चालेल. चिंचेचा घट्ट कोळ तव्यावर चिकटतो आणि लवकर करपतो, म्हणून या कामाला मी तो वापरत नाही.

भाजीसाठी: माठाच्या दोन जुड्या, एक मध्यम कांदा, लसणीच्या सहा पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, दोन लहान चमचे तेल, दोन मोठे चमचे ओलं खोबरं, मीठ.

कढीसाठी: सहा आमसुलं, दोन वाट्या पाणी, एक लसूण पाकळी, अर्धी हिरवी मिरची, चिमूटभर हिंग, थोडी साखर, मीठ, कोथिंबीर. नारळाच्या दुधाची सोलकढी सगळ्यांनाच आवडते, पण कामाच्या दिवशी ही बिननारळाची फुटी कढी सोयीची. तीन मिनिटांत होते आणि पोटाला हलकी.

भात एक वाटी तांदळाचा. उकडा तांदूळ आवडत असेल तर तो सकाळी भिजत घाला, त्याला शिजायला वेळ लागतो.

घड्याळ लावून

पहिली पाच मिनिटं. तांदूळ धुऊन बाजूला ठेवा. आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात भिजत टाका. बांगडे फ्रिजमधून काढा, वाहत्या पाण्याखाली एकदा धुवा. पोटाच्या आत काळा पापुद्रा असतो, तो अंगठ्याने चोळून काढा, त्याने मासा कडवट लागतो. कण्यालगत गोठलेलं रक्त असेल तर तेही खरवडून काढा. उग्र वास बहुतेक या दोन गोष्टींचाच असतो. मग मासा स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने आतून-बाहेरून कोरडा पुसा. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्या, कण्यापर्यंत जातील इतक्या खोल. हळद, मीठ आणि आगळ चोळून ठेवा. मासा हाताळलेली पाटी, सुरी आणि हात भाजीला लागण्याआधी साबणाने धुवा.

पुढची दहा मिनिटं. भात कुकरला लावा. माठ धुऊन निथळत ठेवा. तो निथळतोय तोवर आलं, लसूण, मिरची आणि कोथिंबीर मिक्सरमधून पाणी न घालता जाडसर फिरवा. हे वाटण आणि मसाला बांगड्याला लावा, चिरांमध्ये बोटाने भरा, पोटातही थोडं जाऊ द्या. आगळ लावल्यापासून तव्यावर जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं पुरेत. आंबटात मासा तासन्‌तास ठेवला की मांस वरून घट्ट होतं आणि शिजल्यावर कोरडं लागतं. ओट्यावर उष्मा असेल तर मसाला लावलेला मासा फ्रिजमध्ये ठेवा.

आता माठ चिरा. देठ वेगळे, बारीक. पानं जाडसर.

पंधराव्या मिनिटाला भाजी. कढई चांगली तापू द्या, तेल घाला, ठेचलेली लसूण टाका. लसणीच्या कडा सोनेरी झाल्या की सुक्या मिरच्या आणि कांदा. कांदा लाल करायचा नाही, पारदर्शक झाला की देठ घाला आणि दोन मिनिटं परता. मग पानं. कढई काठोकाठ भरेल, घाबरू नका, मिनिटभरात सगळं खाली बसतं. मीठ आत्ता घालायचं नाही. भाजीचा ढीग बघून घातलेलं मीठ, ती आटून वाटीभर झाली की हमखास जास्त होतं. पानं बसली की मगच पाव चमचा मीठ घाला आणि ढवळून चाखा.

पाणी अजिबात घालू नका. धुतलेल्या पानांना लागलेलं पाणी पुरतं. झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणा, मग झाकण काढून मोठ्या आचेवर सुटलेलं पाणी आटवा. शेवटी ओलं खोबरं घालून एकदा हलवा आणि गॅस बंद. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवलेला माठ काळपट आणि गिळगिळीत होतो, आणि मग घरातली मुलं पालेभाजीला नाकं मुरडतात.

तव्यावर

भाजीचं झाकण काढलंत की शेजारच्या शेगडीवर तवा ठेवा. लोखंडी किंवा बिडाचा असेल तर उत्तम. तवा मध्यम आचेवर पुरता तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता चरचरून न विरता गोळी होऊन तव्यावर पळाला, की तवा तयार. आता तेल घाला आणि उलथन्याने पसरवा. मासा तव्याला चिकटण्याची कारणं दोनच: ओला मासा किंवा कमी तापलेला तवा.

तांदळाचं पीठ आणि रवा ताटलीत एकत्र करा. बांगड्यावर मसाल्याचा जाड थर बसला असेल तर बोटाने थोडा पुसून घ्या. जाड थरातली लसूण आधी करपते आणि आतला मासा कच्चा राहतो. मासा पिठात दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, जास्तीचं पीठ झटका आणि तव्यावर ठेवा. बांगड्यांमध्ये बोटभर जागा असू द्या. दाटीवाटीने ठेवले की वाफ कोंडते आणि कवच चुरचुरीत होत नाही.

आता चार मिनिटं हात लावू नका. अवघड वाटतं, पण हीच चार मिनिटं सगळं काम करतात. खालची बाजू खरपूस झाली की मासा आपोआप तव्यापासून सुटतो. उलथनं कडेने सरकवून बघा. अडलं तर अजून अर्धं मिनिट थांबा, ओढाताण केली तर कातडी तव्यावर राहील. सुटला की अलगद पलटा. दुसऱ्या बाजूला तीन ते चार मिनिटं. माशाच्या सगळ्यात जाड भागाला इंचामागे साधारण दहा मिनिटं, दोन्ही बाजू धरून, हा हिशेब ध्यानात ठेवला तर कुठलाही मासा असो, वेळ चुकत नाही. बांगडा इंचभरापेक्षा कमी जाड असतो, त्याला सात-आठ मिनिटं पुरतात.

शिजला की नाही हे मधल्या चिरेत कळतं. उलथन्याच्या टोकाने मांस कण्यापासून थोडं सोडवा. ते काचेसारखं पारदर्शक न राहता पांढरं झालं असेल, कण्यापासून सहज सुटत असेल आणि लालसर रक्त दिसत नसेल, तर झाला. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस बघा. भीतीपोटी आणखी पाच मिनिटं ठेवलेला बांगडा कोरडा आणि बोथट लागतो. तव्यावरून काढल्यावरही त्याच्यातली उष्णता मिनिटभर काम करत असते, तोही वेळ धरा.

मासा तव्यावर असताना कढी उरका. भिजलेली आमसुलं त्याच पाण्यात कुस्करून गाळून घ्या. मीठ, साखर, ठेचलेली लसूण आणि मिरची घाला. थेंबभर तेलात हिंग फुलवून त्यावर ओता, कोथिंबीर पेरा. उकळायची गरज नाही.

तोवर कुकरची वाफ गेलेली असते. ताटं वाढा आणि मग बांगडा थेट तव्यावरून ताटात. झाकून ठेवलेला मासा दहा मिनिटांत मऊ पडतो, म्हणून माणसं बसल्यावरच तो काढायचा. लिंबाची फोड आणि कांद्याच्या चकत्या सोबत असल्या की झालं.

तब्येतीच्या बाजूने

बांगड्यात प्रथिनं तर आहेतच, शिवाय ओमेगा-३ चरबी, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्य यंत्रणा आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, त्यांतला एक मासा तेलकट असावा आणि एका वेळी शिजलेला मासा साधारण १४० ग्रॅम असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. आपला बांगडा आणि तारली हे तसे तेलकट मासे. त्यासाठी महागडा आयात केलेला सामन घ्यायची काही गरज नाही.

पालेभाजीशी जोड लावण्याला चवीपलीकडचंही कारण आहे. भाजीतलं लोह शरीरात सहजासहजी शोषलं जात नाही. त्याच जेवणात मासा असला, वर लिंबू पिळलं, तर ते शोषण वाढतं. चहा उलटं काम करतो, म्हणून जेवल्यावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. पानांतलं बीटा कॅरोटीन शरीरात जायला थोडं तेल लागतं. फोडणीचे दोन चमचे आणि खोबरं त्यासाठी पुरेसं आहे. डाएट म्हणून भाजी नुसती उकडून खाण्यात चवही जाते आणि हा फायदाही.

दोन-तीन जणांनी मात्र सांभाळायचं. माठात आणि पालकात ऑक्झलेट बरंच असतं. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आहे, त्यांनी भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावं किंवा मेथी, कोबी अशा भाज्या घ्याव्यात. रक्त पातळ ठेवायला वॉरफरीन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा तोडू नये. त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करतं, म्हणून प्रमाण रोज सारखं ठेवावं आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोठे शिकारी मासे, म्हणजे मोठी सुरमई किंवा मोरी (शार्क), कमी खावेत, कारण त्यांच्यात पारा साठलेला असतो. बांगडा, तारली, मांदेली या लहान माशांत तो कमी असतो.

मुलांना वाढताना बांगड्याचा मधला काटा आधी अख्खा काढा. वरचं मांस उचललं की काटा शेपटीकडून धरून एका ओढीत निघतो. पोटाकडचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढा, नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही.

बांगडा नसला तर

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा कामाला येतो, आणि खरं सांगायचं तर माठ-जवळा ही जोडी मला बांगड्याइतकीच आवडते. वाटीभर जवळा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं भाजा, गार झाल्यावर चाळणीत पाखडून कचरा आणि वाळू काढा. मग दोनदा पाण्यातून काढून घट्ट पिळा. वरच्याच भाजीत कांदा परतल्यावर जवळा घाला, दोन मिनिटं परता, दोन आमसुलं टाका आणि मग माठ. मीठ शेवटी, चाखून. तांदळाच्या भाकरीबरोबर हे एकच पदार्थाचं पूर्ण जेवण होतं.

कोळंबी मिळाली तर मेथीत घाला. मेथीचा कडवटपणा आणि कोळंबीचा गोडवा एकमेकांना सांभाळून घेतात. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढा, हळद-मीठ लावा. कांदा-लसूण परतून मेथी पुरती शिजवून घ्या आणि कोळंबी अगदी शेवटी, तीन-चार मिनिटं. ती गुलाबी होऊन वळली की गॅस बंद करा, पुढे ती रबरासारखी होते.

नागपूरकडे, मराठवाड्यात आणि जिथे समुद्राचा मासा शिळा होऊनच पोचतो अशा गावी रोहू किंवा कटला ताजा मिळत असेल तर तोच घ्या. शिळ्या बांगड्यापेक्षा तलावातला ताजा रोहू केव्हाही चांगला. तुकड्या साधारण पाऊण इंच जाड करून घ्या आणि बाकी सगळं वरच्यासारखंच. मसाल्यात अर्धा चमचा ओवा चुरडून घातला तर गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकट वास जातो. त्याला बारीक काटे खूप असतात, म्हणून मुलांना देताना वेळ काढा.

परदेशात राहणाऱ्यांना गोठवलेला मॅकरेल बहुतेक मोठ्या दुकानांत मिळतो. तिकडचा अटलांटिक मॅकरेल आपल्या बांगड्यापेक्षा मोठा आणि जास्त तेलकट असतो, त्यामुळे तव्यावर तेल निम्मं घाला आणि आगळ किंवा लिंबू थोडं वाढवा. फिले असेल तर कातडीची बाजू आधी तव्यावर, चार मिनिटं, आणि पलटल्यावर मिनिट-दीड मिनिट, बस्स. माठ चिनी आणि व्हिएतनामी दुकानांत सापडतो, कॅरिबियन वस्तीत तो कॅलालू या नावाने मिळतो. तोही नसेल तर स्विस चार्ड हाताशी घ्या, देठ आधी आणि पानं नंतर ही रीत त्यालाही तंतोतंत लागू पडते. केल मात्र चिवट असतो, त्याची मधली शीर काढून पानं बारीक चिरा आणि पाव वाटी पाणी घालून पाच-सहा मिनिटं वाफवा.

उरलं तर

माठाची भाजी दुसऱ्या दिवशी डब्याला चालते. शिजल्यावर दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, ती फ्रिजमध्ये जायला हवी.

उरलेला बांगडाही तेवढ्याच वेळात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तो मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर घरभर वास सुटतो आणि मासाही कोरडा होतो. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी काटे काढून मांस कुस्करा, कोरड्या तव्यावर दोन मिनिटं चांगलं गरम करा, त्यात बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची, थोडं आगळ आणि कोथिंबीर घालून हाताने कालवा. गोव्यात सुक्या बांगड्याची किसमूर करतात, साधारण त्याच चवीवर जातं. नुसत्या भाताबरोबर किंवा पेजेबरोबर वाढा.

तव्याला राहिलेला वास घालवायचा असेल तर तवा कोमट असतानाच पिळलेल्या लिंबाच्या सालीने मीठ घालून घासा, गरम पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि गॅसवर अर्धं मिनिट तापवून तेलाचं बोट फिरवून ठेवा.